दाण्यातलं बळ शोधणाऱ्या कमलाबाई

हिंगणघाटच्या बाजारात सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की गाड्यांची रांग लागते. पुढे तूर येते, मग चणा येतो. शेतकरी आधी भाव विचारतो, मग ओलावा किती धरला ते विचारतो. त्यात वावगं काही नाही, घर त्याच्यावरच चालतं. पण ज्या दाण्यासाठी आपण महिनोन्‌महिने वावरात राबतो, त्या दाण्यात असतं काय, तो अंगी लागतो कसा आणि कधी कधी पोटात जाऊनही अंगी का लागत नाही, हे आपण कोणाला विचारत नाही. माल विकला, पैसे आले, आणि अंगणवाडीच्या काट्यावर घरचं पोर मात्र हलकंच भरलं, असं अनेक गावांत घडतं.

हाच प्रश्न एका मराठी बाईंनी प्रयोगशाळेत बसून आयुष्यभर विचारला. त्यांनी महागड्या वस्तूंवर संशोधन केलं नाही. वाल, कडधान्यं, दूध, बटाटा आणि शिंदी-ताडाची नीरा, म्हणजे गावात जे पिकतं आणि मिळतं तेच त्यांनी काचेच्या नळीत घालून तपासलं. त्यांचं नाव डॉ. कमला सोहोनी. केंब्रिज विद्यापीठातून विज्ञानाची पीएच.डी. मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांची ओळख आहे. आपल्या कास्तकार मंडळींना आणि गावाचा कारभार पाहणाऱ्यांना त्यांची कहाणी ठाऊक असायला पाहिजे, कारण ती आपल्याच दाण्याची कहाणी आहे.

रसायनशास्त्राचं घर

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १८ जून १९११, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रात शिकलेले, आणि तेही बंगळूरच्या टाटांनी उभारलेल्या विज्ञान संस्थेत. थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या दुर्गाबाई आपल्याला माहीत आहेत. धाकट्या बहिणीचा पिंडही तोच होता. पटलं नाही तर मुकाट्याने घरी जायचं नाही, हे दोघींच्याही रक्तात होतं.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. विषय रसायन आणि भौतिक. पुढे काय करायचं हे ठरलेलंच होतं. वडील आणि काका जिथे शिकले त्याच बंगळूरच्या संस्थेत संशोधनासाठी त्यांनी अर्ज धाडला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० चं नोबेल पारितोषिक मिळवलेले, जगभर नाव झालेले शास्त्रज्ञ. गुणांकडे पाहता प्रवेश मिळायला हरकत नव्हती. पण अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

दाराशी बसलेली मुलगी

दुसरी एखादी असती तर नशिबाला बोल लावून घरी बसली असती. कमलाबाई थेट बंगळूरला गेल्या आणि रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या. नकाराचं कारण त्यांनी मागितलं. समाधानकारक उत्तर मिळेना, तेव्हा त्यांनी संचालकांच्या कचेरीसमोर सत्याग्रह आरंभला. देशात गांधीजींच्या चळवळीचे ते दिवस. मिठासाठी, जंगलासाठी लोक सत्याग्रह करत होते. या मुलीने तो शिक्षणासाठी केला.

शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नव्हे, परीक्षेवर ठेवल्यासारखं. कामाचा दर्जा पटेपर्यंत त्या कामाला मान्यता नाही. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करायचं. आणि आपल्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होणार नाही याची काळजीही त्यांनीच घ्यायची. शेवटची अट किती बोचणारी होती, हे ज्यांच्या घरी शिकणारी मुलगी आहे त्यांना सांगायला नको. तरी कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. कामच बोलेल, हा भरवसा त्यांना होता.

मार्गदर्शक मिळाले एम. श्रीनिवासय्या. माणूस शिस्तीचा, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारा. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. वर्षभरात कामाचा दर्जा असा दिसला की रामन यांचं मत बदललं. त्यांना नियमित प्रवेश मिळाला आणि पुढे इतर मुलींसाठीही त्या संस्थेचं दार उघडलं. १९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या. पण ती सल मनातून गेली नाही. म्हातारपणीही त्यांनी ती जाहीरपणे बोलून दाखवली. थोर माणूसही एखाद्या बाबतीत किती कोत्या मनाचा असू शकतो, हे त्यांनी अनुभवलं होतं.

बटाट्यातला शोध

शिष्यवृत्ती मिळवून १९३७ साली कमलाबाई इंग्लंडला केंब्रिजला गेल्या. तिथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना जागा मिळाली. हे हॉपकिन्स म्हणजे जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चं नोबेल मिळवलेले गृहस्थ. नुसतं पीठ, तूप आणि प्रथिनं दिली म्हणून जनावर वाढत नाही, अन्नात आणखी काही सूक्ष्म घटक लागतात, हे दाखवणाऱ्यांत ते पुढे होते. आज आपण डॉक्टरकडून ज्या व्हिटॅमिनच्या गोळ्या आणतो, त्यामागचं शास्त्र तिथे घडत होतं.

कमलाबाईंनी काम घेतलं वनस्पतींच्या श्वसनाचं. झाडही श्वास घेतं. माणसाच्या पेशीत अन्नापासून शक्ती तयार करताना जे पदार्थ उपयोगी पडतात, त्यांपैकी एक सायटोक्रोम सी. कमलाबाई बटाट्यावर काम करत होत्या. हा पदार्थ वनस्पतींच्या पेशींतही असतो आणि तिथेही शक्ती तयार करण्याच्या कामात भाग घेतो, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे माणूस, बैल आणि बटाट्याचं झाड, तिघांच्या पेशीतली चूल बरीचशी सारखीच पेटते. चौदा महिन्यांत काम आटोपलं. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. जाड पोथी लिहिली तरच विद्वत्ता, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. १९३९ साली पीएच.डी. घेऊन त्या मायदेशी परतल्या. मनात आणलं असतं तर परदेशात राहता आलं असतं, पण त्यांना काम इथे करायचं होतं.

रोग आणि भूक यांची सांगड

आल्यावर त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून गेल्या आणि तिथे जीवनसत्त्वांवर काम केलं. ही प्रयोगशाळा रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ साली बेरीबेरी या रोगाच्या अभ्यासातून उभी केली होती. हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रांतांतला आहार उंदरांना देऊन कोणत्या आहारावर ते धष्टपुष्ट राहतात आणि कोणत्या आहारावर रोगी होतात, हे मॅककॅरिसन यांनी पाहिलं होतं. १९५८ साली ही संस्था हैदराबादला गेली. आजची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच.

या शास्त्राचं सार गावातल्या माणसाने समजून घ्यावं असं आहे. आपण म्हणतो, पोर गोवराने गेलं, हगवणीने गेलं, छाती भरून गेलं. पण त्याच रोगातून शेजारचं पोर उठून बसतं. फरक पुष्कळदा आधीच्या खाण्यात असतो. रोगजंतूंशी लढणारी शरीरातली प्रतिद्रव्यं ही प्रथिनांचीच बनलेली असतात. पोटात प्रथिनं कमी गेली तर घराचा पहारेकरीच उपाशी. जीवनसत्त्व अ कमी पडलं तर डोळ्यांवर परिणाम होतो आणि गोवरही जास्त जोर करतो. लोह कमी पडलं तर रक्त कमी होतं, बाईला दम लागतो आणि बाळंतपण जड जातं. त्यात भर अशी की प्रत्येक आजार अंगातलं आणखी पोषण खाऊन टाकतो. आजाराने अशक्तपणा, अशक्तपणाने पुन्हा आजार, असा हा रहाटगाडगा फिरत राहतो. तो तोडायला लस पाहिजे, स्वच्छ पाणी पाहिजे आणि ताटात धड अन्नही पाहिजे. तिन्हींपैकी एक असलं म्हणजे भागलं, असं नाही.

वालाच्या दाण्यातलं कुलूप

१९४७ साली त्यांचं एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. १९४९ मध्ये त्यांनी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स या सरकारी संस्थेत जीवरसायनशास्त्राचं काम हाती घेतलं. इथे त्यांनी विद्यार्थ्यांची फळी उभी केली आणि गरिबाच्या ताटातल्या पदार्थांवर सलग संशोधन केलं. आपल्या कामाचं ते संशोधन म्हणजे कडधान्यांवरचं.

गोष्ट अशी आहे. डाळी-कडधान्यांत प्रथिनं भरपूर. पण ती पचवायला आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचा पाचक पदार्थ लागतो. तो प्रथिनांचे तुकडे करतो, मग ते रक्तात जातात. आता निसर्गाची करामत बघा. काही कडधान्यांच्या दाण्यातच असा एक पदार्थ असतो, जो या ट्रिप्सिनला जाऊन चिकटतो आणि त्याचं काम बंद पाडतो. कुलपात मोडकी किल्ली अडकावी तसं होतं. झाडाच्या बाजूने पाहिलं तर हे शहाणपणच आहे, कारण त्यामुळे दाणा खाणाऱ्या किडीचं पोट बिघडतं. पण तोच दाणा कच्चा माणसाच्या पोटात गेला तर खाल्लेली प्रथिनं पुरती अंगी लागत नाहीत.

कमलाबाईंनी भारतीय खाद्यपदार्थांत हे रोधक पदार्थ कुठे कुठे आहेत ते शोधलं. १९५५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने वाल आणि डबल बी यांच्या दाण्यांतून हे पदार्थ शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. जगातल्या नामांकित विज्ञान नियतकालिकात, नेचरमध्ये, ते काम छापून आलं. आपल्याकडे हिवाळ्यात पोपटाच्या दाण्यांची भाजी होते, तीही या वालाच्याच कुळातली.

म्हणून वाल खाऊ नये असा याचा अर्थ नाही. उलट आहे. हा रोधक पदार्थ बहुतेक कडधान्यांत उष्णतेने मोठ्या प्रमाणात निकामी होतो. आपल्या आजीने कडधान्य रात्रभर भिजत घातलं, ते पाणी फेकून दिलं, मोड आणले आणि मग चुलीवर चांगलं शिजवलं, तेव्हा ती नकळत हेच कुलूप काढत होती. मोड आल्याने दाण्यात क जीवनसत्त्वही वाढतं, हा वरचा फायदा. शास्त्राने आजीची रीत खोटी पाडली नाही, तिचं कारण सांगितलं.

आपल्या भागाला हे फार लागू आहे, कारण सोयाबीनमध्ये हा रोधक पदार्थ भरपूर असतो. सोयाबीन पौष्टिक म्हणतात म्हणून कोणी कच्चं दळून पोळीच्या पिठात मिसळतं. पोळी तव्यावर थोडाच वेळ असते, तेवढ्याने काम भागत नाही. सोयाबीन आधी चांगलं उकळून वाळवावं किंवा नीट भाजावं, मगच दळावं. कोंबड्यांनाही कच्चं सोयाबीन घालू नये, त्यांची वाढ खुंटते. कारखान्यातून येणारी सोयाबीनची ढेप तापवलेली असते, म्हणून ती चालते.

नीरा आणि वर्ध्याचं नातं

कमलाबाईंचं सर्वांत गाजलेलं काम नीरेवरचं. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी ते हाती घेतलं. या विषयाचं मूळ आपल्या जिल्ह्यातही सापडतं. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचं ठाणं बसलं. जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहत. हातसडीचा तांदूळ, घाणीचं तेल, ताडगूळ या गोष्टींवर तिथे भर होता. १९३५ साली गांधीजी मगनवाडीत असताना त्यांनी सोयाबीनही जेवणात घेऊन पाहिलं होतं. आपल्या वावरात सोयाबीन सर्रास दिसू लागलं, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

नीरा म्हणजे ताड, माड, शिंदी यांच्या झाडातून उतरणारा गोड रस. सूर्य वर यायच्या आत ती ताजी असते. ऊन लागलं, वेळ गेला की आंबते आणि तिची ताडी होते. मडक्याला आतून चुना लावला तर आंबणं लांबतं. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी असल्याने हा फरक आपल्याकडे सगळ्यांना कळतो. त्याच झाडाचा तोच रस, सकाळी अन्न आणि दुपारी नशा.

कमलाबाईंनी नीरेची कसून तपासणी केली. तिच्यात जीवनसत्त्व अ, जीवनसत्त्व क आणि लोह हे घटक लक्षात घेण्याइतके असल्याचं त्यांना आढळलं. नीरा आटवून ताडगूळ आणि काकवी केली तरी ते त्यांत टिकतात, असंही दिसलं. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या आणि गरोदर बायांच्या आहारात नीरा दिली आणि त्यांच्या प्रकृतीत चांगला फरक पडल्याचं नोंदवलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. नीरा हे काही सर्व रोगांवरचं औषध नव्हे आणि कमलाबाईंच्या कामाचा अर्थ तसा काढूही नये. त्यांनी दाखवलं ते एवढंच की धुऱ्यावर, नाल्याकाठी उभं असलेलं झाडही गरिबाच्या ताटात भर घालू शकतं, फक्त ते मोजून-मापून सिद्ध करणारा कोणी पाहिजे.

मान उशिरा, काम वेळेवर

एवढं काम करूनही मुंबईच्या संस्थेत संचालकपद त्यांना चार वर्षं उशिराने मिळालं. अंतर्गत राजकारण आडवं आलं. बंगळूरला दार अडवलं गेलं होतं, इथे खुर्ची अडवली गेली. दोन्ही वेळा त्या हटल्या नाहीत. शेवटी त्या त्या संस्थेच्या संचालक झाल्या. मुंबईच्या आरे दुग्ध वसाहतीला दुधाचा दर्जा सुधारण्याच्या कामी त्यांनी सल्ला दिला.

ग्राहकांसाठीही त्या झटल्या. १९६६ साली मुंबईत काही महिलांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. कमलाबाई तिच्या कामात उतरल्या, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्षही झाल्या. अन्नातली भेसळ, मालाचा दर्जा, ग्राहकाची सुरक्षितता यांवर त्यांनी त्या संस्थेच्या मासिकात लेख लिहिले. शेतात पिकलेला चांगला दाणा ताटात पोचेपर्यंत चांगला राहिला पाहिजे, ही त्यामागची तळमळ.

१९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. वय सत्त्याऐंशीला टेकलेलं. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच अवधीत त्यांनी जगाचा निरोप घेतला. ज्या शास्त्राच्या दारात तरुणपणी ताटकळावं लागलं, त्याच शास्त्राच्या घरी सन्मान स्वीकारताना त्या गेल्या.

आपण काय करायचं?

थोरांचं चरित्र वाचून नुसता नमस्कार करायचा असेल तर वाचायची गरज नाही. या कहाणीतून आपल्या गावात करण्याजोग्या काही गोष्टी आहेत.

कपाशीत तुरीचे तास असतात, रब्बीत चणा असतो. विकायच्या आधी वर्षभराच्या खाण्यापुरता दाणा घरी बाजूला काढावा. आज भाव आला म्हणून सगळाच माल विकायचा आणि पुढे तीच डाळ दुकानातून चढ्या भावाने आणायची, हा व्यवहार खिशालाही परवडत नाही आणि पोटालाही. धुऱ्यावर बरबटी, वाल यांची चार रोपं लावली तर कुठे वावर अडत नाही. कडधान्य भिजवून, मोड आणून, पूर्ण शिजवून खावं. ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ खाल्ली तर दोन्हींची प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात. उसळीवर लिंबू पिळलं तर अन्नातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं.

ग्रामसेवक, सरपंच आणि अंगणवाडी ताईंनी एवढं पाहावं की पोराचं वजन नुसतं वहीत चढवायचं नसतं. ज्याचं वजन दोनदा लागोपाठ घटलं त्याच्या घरी जाऊन ताटात काय पडतं ते बघावं, लस राहिली असेल तर ती द्यावी, आणि पोर सुकत चाललं असेल तर दवाखान्यात न्यावं. बचत गटाच्या बायांनी सोयाबीनचं पीठ करून विकायचं ठरवलं तर आधी ते उकळायची किंवा भाजायची रीत शिकून घ्यावी.

आणि शेवटची गोष्ट. दहावीनंतर मुलीने विज्ञान शाखा मागितली की घरात अजूनही चर्चा होते. गाव लांब, बस नाही, प्रयोगशाळेत उशीर होतो, उद्या लग्न करायचं. अडचणी खऱ्या आहेत, त्या हसण्यावारी नेऊ नयेत. पण १९३३ साली एका दारातून एक मुलगी परत फिरली असती, तर वालाच्या दाण्यातलं ते कुलूप कदाचित दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या कोणी उघडलं असतं, आणि आपण ते ऐकून घेतलं असतं. आपल्या दाण्याची परीक्षा आपल्याच माणसांनी करायची असेल, तर आपल्या मुलीला त्या दारापर्यंत सोडून यायचं काम बापाचं आहे. पुढचं ती पाहून घेईल.